विकालभोजन

“अष्टशील घेणाऱ्यांनी पुढे यावं,” असं तात्याराव म्हणाले आणि पंचशीलाच्या शेजारची सतरंजी रिकामी झाली. आधी तिला वाटलं, आपली लेक सोनू पाणी प्यायला उठली असेल, नाहीतर नेहमीसारखी दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ रेंज शोधायला. पण सोनू सरळ पुढे गेली आणि जाईबाई आणि आणखी दोन म्हाताऱ्यांच्या रांगेत, पांढरी ओढणी सावरत, गुडघ्यांवर बसली. विहार म्हणजे केबिन रोडच्या मागच्या गल्लीतला तळमजल्यावरचा एक गाळा. पंखे दोन, त्यातला एक कुरकुरणारा. तात्याराव तिथले बौद्धाचार्य. वस्तीतल्या नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंत सगळं तेच करायचे. पाच शीलं सगळेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण पावसाळ्यातल्या पौर्णिमेला काहीजण आठ घेतात, एका दिवस-रात्रीपुरती: दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत जेवायचं नाही, नाचगाणी-तमाशे बघायचे नाहीत, नटायचं नाही, उंच मऊ गादीवर झोपायचं नाही. हे म्हाताऱ्यांचं काम. गुडघे दुखतात म्हणून खाली झोपता येत नाही अशी सवलत मागणाऱ्यांचं. दहावीतल्या पोरीचं नाही. “विकालभोजना वेरमणी,” तात्याराव संथ आवाजात म्हणाले, अवेळी खाण्यापासून मी दूर राहीन, आणि त्या तीन म्हाताऱ्या आवाजांत सोनूचा आवाज स्वच्छ वेगळा ऐकू आला. पंचशीलाला एकदम सोनूच्या शाळेच्या गणवेशाची पँट आठवली, जी जुलैमध्ये तिने कमरेत आत घेऊन दिली होती आणि जी पुन्हा सैल झाली होती.

पुढच्या शिलाला सोनूने हात वर केला. “आजोबा, विसूकदस्सना म्हणजे काय?” तात्यारावांना कुणी मध्ये थांबवत नाही, पण ते खूश झाले. “खेळ-तमाशे असतात ना बाळा, ते बघत न बसणं.” “म्हणजे रील पण?” तात्यारावांनी थोडा विचार केला. “पिक्चरचं रीळ? हो, हो. पिक्चर तर आलाच त्यात.” मागची पोरं फिसकन हसली, जाईबाईंनी वळून डोळे वटारले, आणि सोनूने मान हलवली, अगदी गंभीरपणे, उत्तर बरोबर मिळालं अशी. घरी येताना रस्त्यावर आदल्या दिवशीच्या विसर्जनाचा गुलाल चिखलात मिसळला होता, तो चुकवत चालताना ती म्हणाली, “आई, तुझ्या नावात पाचच आहेत. मी आठ घेतले.” एरवी पंचशीला यावर दिवसभर हसली असती. नावावरून तिची थट्टा नवीन नव्हती. लग्नात नवऱ्याच्या, रवीच्या मित्रांनीच सुरुवात केली होती. पण आता तिने फक्त “हं” केलं आणि मनात हिशेब मांडला, की घरी पोचून स्वयंपाक उरकायला बारापर्यंत किती वेळ आहे. तो पुरेसा होता. सवाल तो नव्हताच. उपाशी राहायला शिकलेल्या पोरीला धम्माने आणखी एक दिवस काढून दिला की काय, हा होता.

घरात सोनूचं ताट आणि सोनूचा मोबाईल हे जोडीनेच मांडले जायचे. पाण्याचा स्टीलचा जग मध्ये, त्याला टेकून मोबाईल आडवा, आणि समोर सोनू. डावा हात स्क्रीनवर, उजवा ताटात. हात आपोआप चालायचा. ताटात वांगं आहे की भेंडी, हे त्या हाताला माहीत असेल, सोनूला नव्हतं. ही सवय कुठून आली हे पंचशीलाला चांगलं ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटायचं नाही. सोनू दोन वर्षांची असताना काऊ-चिऊ सगळे संपले की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. पंचशीलाला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या ऑफिसात वेळेवर पोचायचं असायचं, आणि मग रवीने घेतलेल्या पहिल्या मोठ्या मोबाईलवर नाचणारे टोमॅटो लावले की ते इवलंसं तोंड आपसूक उघडायचं. घास आत, तोंड बंद, पुन्हा उघड. त्या टोमॅटोंवर पोर वाढली, गुबगुबीत झाली, सासू म्हणाली हाताला गुण आहे तुझ्या. कुणाच्या हाताला आणि कसला गुण! आता टोमॅटोंच्या जागी कोण कोण नाचायचं, ते पंचशीलाने बघायचं सोडून दिलं होतं. मान खाली घालून का होईना, पोर जेवतेय, एवढं पुरे होतं. डबाही रोज रिकामा यायचा, धुतल्यासारखा.

त्या दिवशी मात्र जग मध्ये एकटाच उभा राहिला. सोनूने मोबाईल बंद करून टीव्हीखालच्या खणात ठेवला आणि ताटासमोर बसली. मेथीची भाजी, वरण-भात, शेंगदाण्याची चटणी, अर्धी भाकरी, आणि पौर्णिमा म्हणून खीर. रवी समोर बसला होता. रवी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, रविवारीही घोडबंदरच्या कुठल्यातरी टॉवरमधून फोन यायचे, त्याने एकदा लेकीकडे बघितलं, आपला मोबाईल उपडा घातला आणि म्हणाला, “चला, माझं पण अर्धं शील.” “पप्पा, अर्धं नसतं.” “मग राहू दे. मी पाचावरच खूश आहे,” असं म्हणून त्याने बायकोकडे अशी काही नजर टाकली, की पंचशीलाला मनात एवढं काहूर असतानाही हसू आलं. सोनूचे डोळे असे दिसतात, हे पंचशीला पहिल्यांदाच बघत होती जणू. जेवताना इतकी वर्षं तिने फक्त पापण्या बघितल्या होत्या. ते डोळे ताटातून आईकडे, आईकडून खिडकीकडे, खिडकीतून पुन्हा ताटाकडे असे फिरत होते, कुठे थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. आणि घास तोंडात फिरत होता. नुसताच फिरत होता. सोनू चावत राहायची, चावत राहायची, मग पाण्याचा घोट घेऊन औषधासारखं गिळायची. “चटणीत लसूण आहे?” तिने मध्येच विचारलं. “तू चार वर्षांची असल्यापासून आहे,” पंचशीला म्हणाली. सोनूने ताट संपवलं. एक शीतही ठेवलं नाही. पण तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते, आणि ते पंचशीलाने बघितले.

दुपार लांबत गेली. सोनू हॉलमध्ये चटईवर पालथी पडली, मग उताणी पडली, मग तिने पंख्याकडे बघत पाय भिंतीला लावले. रवी आत घोरायला लागला. पंचशीलाला तिची मालिका बघायची होती, रविवारी ती आठवड्याचे सगळे भाग एकदम बघायची; पण व्रत घेतलेल्या पोरीसमोर टीव्ही लावायची तिला लाज वाटली. शेवटी ती मोबाईल पदराखाली घेऊन स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेली आणि वॉशिंग मशीनआड उभी राहून, आवाज बंद करून बघू लागली. बायकोची नजर चुकवून गॅलरीत बिडी ओढणारा तिचा मामा तिला आठवला. दोनच मिनिटांत तिने तो ठेवून दिला. समोरच्या इमारतीत कुणाकडे तरी खमण वाफवत होते, वास येत होता. चांगलं होतं सगळं. हे वन बीएचके स्वतःचं होतं, गॅलरीतून लांबवर पाण्याची चमकती रेघ दिसायची, नवरा दारू पीत नव्हता, पोरगी गणितात हुशार होती. ऑफिसातली हंसाबेन नेहमी म्हणायची, “पंचशीला, तुझको कोई टेंशन ही नहीं.” आणि ते खरंही होतं. म्हणूनच कदाचित हे एवढंसं डोंगराएवढं वाटत होतं. लहानपणी परभणीकडच्या गावात, पाच भावंडांत, तुला भूक लागलीय का असं तिला कुणी कधी विचारल्याचं आठवत नव्हतं. भूक असायचीच. ती सकाळी सूर्याबरोबर उठायची आणि सगळ्यांबरोबर झोपायची. आईने परातीत भाकरी कुस्करली की सगळे हात एकदम पडायचे, आणि थोरली अक्का दोन्ही बाजूंनी एकेक घास लांबवायची, त्यावरून भांडणं व्हायची. त्या भुकेला पंचशीलाने शहरात येऊन निरोप दिला होता, कायमचा, आणि त्याचा तिला अभिमान होता. माझ्या लेकीला भूक म्हणजे काय ते कळणार नाही, असं ती एकदा बहिणीला म्हणाली होती. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, ते हे असं.

ती हॉलमध्ये आली तेव्हा सोनू चटईवर नव्हती. पंचशीला धसकली. पण सोनू आरशासमोर होती. नटत नव्हती, नुसतीच उभी होती, दोन्ही हात पोटावर. आईला बघून तिने हात काढले. काय विचारावं, कसं विचारावं? शाळेच्या पालकसभेत एक बाई येऊन बोलून गेल्या होत्या, मुलांशी मोकळं बोला, आरोप करू नका. मोकळं म्हणजे कसं, ते काही बाईंनी सांगितलं नव्हतं. “लिंबं संपलीत,” पंचशीला म्हणाली. “सरबत चालतं ना तुला? जाऊन आणते.” “मी पण येते,” सोनू म्हणाली. तेही नवलच होतं.

केबिन रोड संध्याकाळी आपल्या रंगात आला होता. पाऊस उघडला होता, सगळे बाहेर पडले होते. सोनू एरवी आईबरोबर आली तरी मान खाली घालून, स्क्रीनच्या उजेडात चालायची आणि पंचशीला तिला दंडाला धरून रिक्षांमधून काढायची. आज ती मान वर करून चालत होती, आणि त्यामुळे चार पावलांवर अडखळत होती. फरसाणवाल्याच्या कढईत जिलेबी गोल फिरत होती, तिथे ती थांबली. सँडविचवाल्याने तव्यावर लोण्याचा गोळा टाकला, तिथे थांबली. चायनीजच्या गाडीवर जाळ भपकन वर आला आणि ती दोन पावलं मागे सरली. “आई, हे सगळं रोज असतं?” “मग! तुझ्यासाठी आज बोलावलंय काय?” पंचशीलाने लिंबूवाल्याला गाठलं, “भैया, ताजा देना हां, पीला पीला,” आणि लिंबं निवडता निवडता, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्याचं बघून, लिंबांकडेच बघत तिने विचारून टाकलं, “सोनू, खरं सांग. वजन कमी करायला चाललंय का हे?”

सोनू चिडेल, पाय आपटेल, तू ना आई असं म्हणेल, याची तिने तयारी ठेवली होती. सोनू म्हणाली, “आधी करत होते.” हातातलं लिंबू पंचशीलाने तसंच धरून ठेवलं. “कधी?” “मे महिन्यात सुरू केलं. त्या मुली असतात ना, दिवसभरात काय काय खाल्लं ते दाखवतात. तीन बदाम, अर्धं सफरचंद. त्यांचं बघून. जूनपासून डबा रोशनला द्यायचे.” “रोज?” “रोज. तो म्हणतो तुझ्या मम्मीच्या हाताला सॉलिड टेस्ट आहे.” पंचशीलाला भर रस्त्यात रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी रोशन नावाच्या त्या कधी न बघितलेल्या पोराबद्दल मनात एक आनंदाची लहर उठली, तिचा तिलाच राग आला. “मग ते बंद केलं मी,” सोनू सांगत होती, “मलाच बोअर झालं. पण मग भूकच लागेना. खरंच, आई. मोबाईल असला की जातं आत, कळत पण नाही. नसला की एक घास जात नाही, तू बघितलंस ना आज? मला भीती वाटायला लागली. म्हटलं, एक दिवस दोन्ही नको. मोबाईल पण नको, खाणं पण नको. बघू या लागते का.” लिंबूवाला परत वळला होता, “और क्या दूँ बहेन?” “कुछ नहीं,” पंचशीला म्हणाली. मग चालता चालता तिने विचारलं, “मग? लागली?” सोनूने मान हलवली. “अजून नाही.”

आता पंचशीलाला दुसरंच काहीतरी लागलं. घरी येऊन तिने सरबत केलं, सोनू ते प्यायली, आणि पंचशीला वाट बघू लागली. पोरीला भूक लागावी म्हणून, आणि तेही ज्या दिवशी तिला खाऊ घालायचं नाही त्याच दिवशी! तिच्या आईला हे सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात मारला असता. डॉक्टरकडे न्यायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं, उद्याच, ऑफिसला सुट्टी टाकून. पण ते उद्या. आज काय? तिने मुद्दाम गावाकडचं येसर काढलं. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं हे पीठ बहीण पिशवी भरून पाठवायची आणि पाण्यात कालवून, लसणाची फोडणी देऊन त्याची आमटी उकळली की वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. स्वयंपाकघराचं दार एरवी ती बंद ठेवायची. आज तिने ते सताड उघडलं आणि वर एक्झॉस्ट फॅनही बंद केला. हा फसवाफसवीचा प्रकार होता. कुठल्या शिलात बसतो, ते तिला सुचेना. उकळी फुटली, रवी शिंकत बाहेर आला, “काय मारतेस काय आम्हाला?” आणि सोनू मात्र खिडकीत बसून खालच्या मांजराकडे बघत होती.

आपापले मोबाईल खणात सोनूच्या मोबाईलवर ठेवून जेवायला दोघंच बसले. सोनू आत जाऊन पडेल असं पंचशीलाला वाटलं होतं, पण ती आली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, ताटाशिवाय बसली. हनुवटी तळहातांवर टेकवून म्हणाली, “तू जेव. मी बघते.” “वेडी आहेस का? तुझ्यासमोर मला घास उतरेल?” “मी इतके दिवस मोबाईलवर कुणाकुणाला खाताना बघते माहितीये? कोरियातल्या बाया, दिल्लीतले अंकल. तुला कधी बघितलंच नाही.” रवी भाकरी मोडता मोडता हसला. पंचशीलाने पहिला घास घेतला. तिची जेवायची रीत म्हणजे सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं एकत्र कालवायचं, डोळे मालिकेवर, आणि पाच मिनिटांत भांडी घासायला उठायचं. कुणी आपल्या तोंडाकडे बघत असताना चावायचं कसं, हेच तिला कळेना. “हळू खा ना आई.” तिने हळू चावलं. “कसं लागतंय?” “आमटीसारखं.” “असं नाय. नीट सांग.” पंचशीलाने आणखी एक घास घेतला आणि डोळे मिटले, त्याशिवाय सांगता येईना. “आधी भाजल्याचा वास येतो. चुलीजवळ बसल्यावर येतो तसा. मग लसूण. मग...” ती थांबली. “मग तिखट येतं, पण जिभेवर नाही, इथे, घशाशी. आणि मीठ थोडं जास्त झालंय.” “झालंय,” रवी म्हणाला, “पण मी बोललो नाही.” पंचशीलाने डोळे उघडले. सोनूचा चेहरा तिच्या अगदी जवळ आला होता. ती टेबलावर पुढे झुकली होती, तोंड किंचित उघडं, आणि तिच्या गळ्यात काहीतरी हललं, लाळ गिळल्यासारखं. पंचशीला बघतच राहिली. तिने पुढचा घास घ्यायचा म्हणून घेतला, पण तिचं सगळं लक्ष त्या गळ्याकडे होतं. गळा पुन्हा हलला.

“कुणाचा फोन व्हायब्रेट होतोय?” रवीने विचारलं. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तिघांनीही कान दिले. टीव्हीखालच्या खणात तिन्ही मोबाईल एकावर एक पडलेले होते, मुके. तेवढ्यात ते पुन्हा वाजलं, घुर्र करून, लांबलचक, टेबलाच्या अलीकडेच कुठेतरी. सोनूने दोन्ही हात पोटावर ठेवले. तिचे डोळे मोठे झाले, मग पाण्याने भरले, आणि ती हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. “आई, माझं आहे. माझं वाजतंय!” पंचशीला अर्धी उठली. तिला काय काय म्हणायचं होतं. ताट घेऊ? मोडू या ते शील, मी सांगते तात्यारावांना, पोरीच्या पोटापुढे कसलं आलंय. तिचा हात ताटांच्या मांडणीकडे गेलाही होता. “नाही हां,” सोनू डोळे पुसत म्हणाली. “सकाळीच. मी घेतलंय ते.” पंचशीला पुन्हा खाली बसली. काय करावं ते न कळून तिने पातेल्यात डाव घातला. तळाशी थोडीच आमटी उरली होती, दाट, मसाल्याची. रवीने सवयीने वाटी पुढे केली. “पप्पा, थांबा,” सोनू म्हणाली. “आई, ते माझ्यासाठी ठेव.” पंचशीलाने डाव होता तसा परत पातेल्यात उलटा केला आणि वर झाकण ठेवलं, आणि रवी रिकामी वाटी हातात धरून दोघींकडे बघत राहिला.